पाच मिनिटं बसा

रक्तदाब मोजण्याआधी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवावं, असा नियम आहे. पाठ खुर्चीला टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय टाकलेला नाही, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला विसावलेला. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू काही नाही. लघवीला जाऊन आलेलं असावं. आणि मोजताना कुणी बोलायचं नाही. पेशंटनंही नाही, डॉक्टरनंही नाही. नुसत्या बोलण्यानं वरचा आकडा दहाएकानं चढू शकतो. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा रक्तदाब दारातच मोजला, तर तो त्या जिन्याचा रक्तदाब असतो, माणसाचा नव्हे. आणि त्यावर गोळी सुरू झाली, तर ती बहुधा आयुष्यभर चालते.

मी डोंबिवली पूर्वेला जनरल प्रॅक्टिस करते, तीसेक वर्षं झाली. दवाखाना स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ साली धावली, पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत गेली, आणि या रुळांच्या कडेनं जी गावं वाढली त्यांचा दिवस गाडीच्या वेळापत्रकावर चालत आला. इथून फास्ट लोकलनंही सीएसएमटी गाठायला तासाहून जास्त लागतो. घरापासून स्टेशन, पुढं स्टेशनपासून ऑफिस हे धरलं, तर कित्येकांचे रोजचे तीन-साडेतीन तास जाण्यायेण्यात जातात. त्यामुळे सकाळच्या वेळी येणारा पेशंट खांद्यावरची बॅग न उतरवताच स्टुलावर बसतो. ‘मॅडम, पटकन बघा, आठ-वीस गाठायचीय.’ संध्याकाळचा पेशंट गाडीतून उतरून थेट येतो, पाठीला चिकटलेल्या शर्टानिशी, आणि त्याच्या डोळ्यांपुढे मुलांचा अभ्यास, उद्याची भाजी, कुणाला तरी क्लासहून आणायचंय, हे सगळं उभं असतं. अशा माणसाला ‘पाच मिनिटं बसा, बोलू नका, फोन बघू नका’ असं सांगितलं की तो आधी बावचळतो.

तरी मी सांगते. त्यासाठी खिडकीजवळ एक हाताची खुर्ची वेगळी ठेवली आहे. दवाखान्यातल्या मावशी नाव लिहून घेतात, पाण्याचा ग्लास देतात आणि माणसाला तिथं बसवतात. पहिलं मिनिट तो चुळबुळ करतो. खिसा चाचपतो, भिंतीवरचं घड्याळ बघतो, लसीकरणाचा तक्ता वाचतो. मग नजर खिडकीबाहेर जाते. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला खांदे खाली येतात. ते खांदे खाली येताना मला टेबलापलीकडून दिसतात, आणि माझ्या कामातला तो मोठा आनंद आहे. कितीतरी जणांनी उठताना सांगितलंय, ‘असं नुसतं बसून किती दिवस झाले हो.’ हे सांगताना त्यांच्या आवाजात आश्चर्य असतं. एरवी खोकला, ताप, गुडघे यांबद्दल सांगताना ते नसतं.

पुढचं काम तर आणखी सावकाशीचं. मी अजून पट्टा हातानं बांधते आणि स्टेथोस्कोप कानाला लावूनच रक्तदाब बघते. दंडाला पट्टा बांधून पाऱ्यावर दाब मोजण्याची युक्ती इटलीतल्या रिव्हा-रोच्ची यांची, १८९६ सालची. पट्टा सैल होत जाताना कोपराच्या खोबणीत धमनीवर कान ठेवून ऐकायचं, ही भर १९०५ साली कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन शल्यविशारदानं घातली. पाऱ्याची यंत्रं आता मोडीत निघालीत, पारा विषारी म्हणून ते योग्यच झालं. पण पद्धत तीच आहे. दाब सेकंदाला दोन मिलिमीटर या गतीनं खाली सोडायचा. घाईनं सोडला तर पहिला ठोका निसटतो आणि वरचा आकडा खोटा कमी येतो; ठोके थांबण्याची जागाही चुकते आणि खालचा आकडा खोटा जास्त येतो. एकशेऐंशीवरून साठपर्यंत या गतीनं उतरायला पुरतं एक मिनिट लागतं. त्या मिनिटात आधी कानात काहीच नसतं. मग लांबून कुणीतरी दारावर बोट वाजवावं तसा पहिला ठोका येतो. मग आवाज भरत जातो, मऊ होतो, विरतो. इतक्या वर्षांनीही तो पहिला ठोका आला की मला बरं वाटतं. समोरच्या माणसाचं रक्त त्या क्षणी पट्ट्याचा अडथळा ओलांडून पुढं निघालेलं असतं, आणि ते मी ऐकत असते.

हे ऐकणं मला आमच्या मेडिसिनच्या सरांनी शिकवलं. आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो. वॉर्डात शेवटच्या कॉटवर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता, ताप उतरलेला, घरी जायच्या बेतात. सर म्हणाले, याच्या छातीच्या डाव्या बाजूला दुसऱ्या फासळीखालच्या फटीत स्टेथोस्कोप ठेवा आणि हृदयाचा दुसरा आवाज ऐका. त्यात दोन आवाज आहेत. दोन ऐकू आल्याशिवाय कुणी मान वर करायची नाही. आम्हाला एकच ऐकू येत होता, लब्-डब्, लब्-डब्. सर त्या मुलाला म्हणाले, ‘बाळ, सावकाश मोठा श्वास घे.’ आणि मला ते ऐकू आलं. श्वास आत जाताना डब् हळूच दुभंगला, श्वास बाहेर सुटताना पुन्हा एक झाला. श्वास घेतला की छातीतला दाब कमी होतो, उजव्या हृदयाकडे जास्त रक्त येतं, ते बाहेर ढकलायला जरा जास्त वेळ लागतो, म्हणून फुप्फुसाकडची झडप मिटायला किंचित उशीर होतो. निरोगी मुलांत हे छान ऐकू येतं. पण ते पकडायला चार-पाच श्वास तरी थांबावं लागतं. दहा सेकंदांत तपासलेल्या छातीत ते कधीच सापडत नाही. त्या दिवशी वॉर्डातून बाहेर पडताना माझ्या मैत्रिणीनं मला विचारलं, काय गं, एवढी का हसतेयस. मला नीट सांगता आलं नाही.

स्टेथोस्कोपचा जन्मच मुळी अशा थांबून ऐकण्यातून झाला. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरानं कागदाची घट्ट सुरळी करून एका बाईच्या छातीवर टेकवली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. पुढं त्यानं लाकडाची नळी बनवली. तो बासरी वाजवायचा. हे मला फार आवडतं, की बासरी वाजवणाऱ्या माणसाला पोकळ नळीतून छाती ऐकण्याची कल्पना सुचली.

आता वेळेचा हिशोब, कारण लोक शेवटी तोच विचारतात. डॉक्टर पेशंटला किती वेळ देतात यावर २०१७ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, सदुसष्ट देशांची माहिती एकत्र करून. बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. भारतात दोन मिनिटांच्या आसपास. हा आकडा वाचून मला धक्का बसला नाही. मी ज्या ओपीडीत शिकले तिथं रांग जिन्यापर्यंत असायची, आणि टेबलामागच्या माणसाचा त्यात काही इलाज नसायचा. पण त्याआधीचं एक संशोधन मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९८४ साली अमेरिकेत दोघांनी मोजलं, की पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला त्याला तोडतात. मग २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये, बाझलच्या रुग्णालयात, उलटं करून बघितलं. डॉक्टरांना सांगितलं, की पेशंट आपणहून थांबेपर्यंत मधे बोलू नका. तर माणसं सरासरी ९२ सेकंदांत थांबली. दर शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणांचं बोलणं दोन मिनिटांच्या आत संपलं.

म्हणजे आपण ज्या वेळाला घाबरतो तो वेळ दीड मिनिटाचा आहे. हे मला दवाखान्यात रोज खरं होताना दिसतं. ॲसिडिटीची तक्रार घेऊन पुन:पुन्हा येणारे एक गृहस्थ होते. त्यांना मी एकदा नुसतं बोलू दिलं. जळजळ, आंबट ढेकर, बाहेरचं खाणं, हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात झालं. मग ते थांबले. मीही थांबले. मग म्हणाले, ‘वडील घरात पडले, मॅडम. रात्री तीनदा उठवतात. बायको दिवसा करते, मी रात्री.’ एवढं बोलून झाल्यावर त्यांनी खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली. त्या दिवशी माझी चिठ्ठी वेगळी झाली. त्यांच्या वडिलांना बघायला मी दुपारी घरी गेले, आणि रात्रीच्या लघवीचं कारण असलेली एक गोळी सकाळी हलवल्यावर दोघांचीही झोप बरीच सुधारली.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या साखळी दवाखान्याकडून मला बोलावणं आलं होतं. जागा चकचकीत, पगार चांगला. मुलाखतीत त्यांनी तासाला किती पेशंट बघता असं विचारलं, आणि नंतर किती बघावे लागतील तेही सांगितलं. मी नाही म्हटलं. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. ती मुलाखत घेणारी मुलगीही कुणाच्या तरी आकड्याखाली दबलेली असणार. मला माझी खिडकीजवळची खुर्ची तिथं नेता आली नसती, एवढंच.

पण एक सांगते, घाई सगळीच्या सगळी वरून लादलेली नसते. ‘कसे आहात?’ या प्रश्नाला आमच्याकडे हल्ली ‘बिझी’ हे उत्तर मिळतं, आणि ते सांगताना चेहरा उजळतो. निवृत्त झालेले आजोबासुद्धा सांगतात, वेळच मिळत नाही. मोकळा वेळ असणं हे आपण कुणालाही नको असण्याचं लक्षण मानायला लागलो आहोत, आणि मला हे खुपतं. ते मुलांपर्यंत पोचलंय. नऊ वर्षांची एक मुलगी पोटात दुखतं म्हणून यायची. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं साफ. दुखणं खरं होतं. मुलं असं खोटं दुखवून घेत नाहीत. तिचं आठवड्याचं वेळापत्रक आईनं मला फोनवर दाखवलं, रंगीत चौकोनांचं. अबॅकस, स्केटिंग, कथक, स्कॉलरशिपचा वर्ग. मी मुलीला विचारलं, तुला सगळ्यात काय आवडतं? ती जराही न थांबता म्हणाली, ‘आजीकडे गच्चीवर कुरडया राखायला.’ काय करतेस तिथं? ‘काही नाही. कावळा आला की काठी आपटायची.’ आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काही वाईट आई नाही, तिला मुलीचं भलंच हवं होतं. दोन चौकोन काढून टाकायला ती तिथंच तयार झाली. पोटदुखी पुढं कमी झाली, एका झटक्यात नाही, पण झाली. त्या मुलीला कावळा येईपर्यंतचा वेळ हवा होता.

घाईचं शरीरावर काय होतं याचे पुरावे आता भरपूर आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मिळून जाहीर केलं, की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. माझ्या पेशंटांपैकी निम्म्यांचे तास प्रवास न धरताही तिथं पोचत असतील. हे आकडे मी सांगते, लोक माना डोलावतात. पण भीतीनं माणूस सावकाश होतो असं मला दिसलेलं नाही. घाबरलेला माणूस उलट सावकाश होण्याचीही घाई करतो. सात दिवसांचं शिबिर, फोनवरचं ध्यानाचं ॲप, त्यातही किती दिवस सलग झाले त्याचा आकडा. गोडी लागली तरच माणूस थांबतो, असा माझा अनुभव आहे.

म्हणून मी काही जणांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली लिहून देते: ‘सकाळचा चहा. बसून. फोन दुसऱ्या खोलीत.’ औषधाच्या कागदावर असलं की घरचेही ते पाळू देतात. जेवणाचंही तसंच. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत जेवणारा माणूस ती जाणीव यायच्या आत दोन पोळ्या जास्त खाऊन उठलेला असतो. पण हे शास्त्र मी नंतर सांगते. आधी विचारते, काल आमटीत काय होतं? चिंच होती की आमसूल? बहुतेकांना आठवत नाही. पुढच्या वेळी ते आपणहून सांगतात, आमसूल होतं.

मला स्वतःला ही गोडी कुठं लागते ते सांगायचं तर शेवळांत. जूनच्या पहिल्या सरी पडल्या की शहापूर, मुरबाड, कर्जतकडच्या आदिवासी बायका स्टेशनबाहेर भाज्या घेऊन बसतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी. शेवळं म्हणजे जमिनीतून वर आलेले तपकिरी-जांभळे मिटलेले कोंब. शेजारीच काकडं असतात, छोटी, हिरवी, आंबट फळं. ती बरोबर घ्यायचीच, कारण शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात आणि आंबट घातलं नाही तर घसा खाजतो. दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा मावशी आणि मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसतो. हाताला चिंचेचा कोळ किंवा तेल चोळायचं. एकेक शेवळ घेऊन वरचं आवरण सोलायचं, आतला दांडा मोकळा करायचा, त्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं अगदी बारीक चिरायचं. हे भरभर करता येत नाही, पिवळा कण राहिला तर पुऱ्या जेवणाची वाट लागते. मावशी त्यांच्या आईची पद्धत सांगतात, मी माझ्या सासूबाईंची. त्यांच्याकडे सोडे घालतात, आमच्याकडे वाल. दोन जुड्या निवडायला तासभर जातो, आणि वाटीभर भाजी होते. त्या वाटीला ओल्या मातीची आणि आंबटाची जी चव असते ती वर्षातून दोन-तीन आठवडेच मिळते. तो तास मला वाया गेल्यासारखा कधीच वाटलेला नाही.

खरं तर हे शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर बघा, पोरं नवे कपडे घालून नुसती उभी असतात, बोलत असतात, कुणाला कुठं जायचं नसतं. लोकलच्या डब्यात भजनी मंडळं असतात. सकाळच्या त्याच गर्दीत, त्याच गाडीला, एकजण टाळ काढतो, दुसरा डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो, आणि ठाणं-मुलुंड जाईपर्यंत अभंग रंगलेला असतो. दसऱ्याला तेच लोक डबा सजवून पूजा करतात. माझ्याकडे येणारे एक मधुमेही काका अशा मंडळात आहेत. मी त्यांना विचारलं, एवढ्या गर्दीत सुचतं कसं? ते म्हणाले, ‘गाडी तिच्या वेळेलाच पोचणार ना डॉक्टर. मी ढकलून काय ती लवकर जाणारेय?’ त्यांच्याच डब्यातला त्यांचा शेजारी तोच तास पुढच्या मीटिंगच्या काळजीत काढतो आणि त्याच क्षणी त्याच फलाटावर उतरतो.

वेळ मिळाला की निवांतपणा आपोआप येईल, हा समज तर २०२० मध्ये माझ्या डोळ्यांदेखत मोडला. मार्चमध्ये लोकल थांबल्या. सामान्य प्रवाशांसाठी त्या ठरावीक वेळांपुरत्या पुन्हा सुरू झाल्या १ फेब्रुवारी २०२१ ला. इतके महिने रोजचे तीन-साडेतीन तास लोकांच्या पदरात पडले होते. भीती होती, नोकऱ्यांची टांगती तलवार होती, ते मी विसरत नाही. पण सुरुवातीचे दिवस सरल्यावरही ते तास कुठं दिसेनात. साडेनऊचं ऑफिस साडेआठला सुरू झालं, रात्री दहाला संपू लागलं. मानदुखी, पाठदुखी, झोप न येणं, वजन वाढणं यांच्याच तक्रारी फोनवर. पूर्वी निदान गाडीत खिडकी मिळाली तर माणूस मुंब्र्याची खाडी बघायचा. थोड्यांनी मात्र तो वेळ धरून ठेवला. एका अकाउंटंट बाईंनी मुलीबरोबर पेटी शिकायला घेतली. गाड्या सुरू झाल्यावरही त्यांनी रात्रीची वीस मिनिटं सोडली नाहीत. आता मुलगी कॉलेजात आहे आणि आई एकटी वाजवते.

पण मग आमच्या सोसायटीत पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईंना मी काय सांगू? त्यांचा रक्तदाब एकशेसत्तरच्या पुढं होता. सकाळी सहाला घरचा स्वयंपाक उरकून निघायचं, एका घरातून दुसऱ्या घरात जवळजवळ पळत जायचं, कारण तिथल्या बाईंची गाडी असते. दुसऱ्याची आठ-वीस गाठली जावी म्हणून ह्या धावतात. त्यांना ‘सावकाश जगा’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. घाईचा मोठा भाग एकानं दुसऱ्यावर ढकललेला असतो, आणि तो उतरत उतरत जिच्या खाली कुणी नाही तिच्यापाशी येऊन थांबतो. गोळ्या सुरू केल्या, मीठ कमी करायला सांगितलं. मग त्यांना विचारून मी त्यांच्या पाचांपैकी दोन घरांशी बोलले, ती माझ्याच पेशंटांची घरं होती. मागणी साधी होती, एका घरचं काम अर्धा तास पुढं ढकला. एक घर लगेच तयार झालं. दुसऱ्यांनी आठवडाभर विचार केला आणि मग हो म्हटलं. आता मधे अर्धा तास मोकळा असतो. त्यात त्या जिन्याखाली वॉचमनच्या बाकावर बसून भाकरी खातात. पूर्वी ती उभ्यानं, नाहीतर दुपारी दोनला व्हायची. रक्तदाब आता एकशेचाळीसच्या खाली आहे. तो गोळ्यांनी उतरला की त्या बाकानं, मला सांगता येणार नाही.

आणि मी? पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, साध्या तापाची लाट येते तेव्हा बाक भरून माणसं जिन्यावर उभी असतात. अशा संध्याकाळी प्रत्येकाला पाच मिनिटं बसवणं होत नाही. तेव्हा मी एवढंच करते, की पेशंट आत आला की पेन खाली ठेवते आणि त्याच्या मनगटाला हात लावते. नाडी पूर्ण एक मिनिट मोजते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सोय असते. पण मिनिटभर बोटं ठेवली की नाडीबरोबर बाकीचंही कळतं. हात गरम आहे की गार, घाम आहे का, थरथर आहे का, माणूस डोळ्याला डोळा देतोय का. त्या मिनिटात मीही एकाच ठिकाणी असते. रात्री साडेदहाला शटर ओढताना पाय दुखतात, पण दिवसभर कुणाच्या तरी मागे लागलं होतं असं वाटत नाही.

गेल्या वर्षापासून एक तरुण डॉक्टर संध्याकाळी माझ्याबरोबर बसतो. हुशार आहे, हाताला गुण आहे. त्यानं पहिल्याच महिन्यात सरळ विचारलं, ‘मॅडम, हे असं करून परवडतं का?’ प्रश्न रास्त होता. मी त्याला आकडे दाखवले. माझी जागा स्वतःची आहे, कर्ज फिटलंय, मुलं कमावती आहेत. त्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, घर भाड्याचं आहे, बायकोचं बाळंतपण जवळ आलंय. माझ्यासारखं कर असं मी त्याला म्हणू शकत नाही, आणि म्हटलंही नाही. तपासणी फी थोडी वाढवून साठीच्या पुढच्यांसाठी आणि घरकाम करणाऱ्यांसाठी जुनीच ठेवायची, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. बाकी त्याच्या पद्धतीनं तो बघतो. फक्त नाडीचं एक मिनिट त्यानं आपणहून उचललं.

मध्यंतरी सत्तरीच्या एक आजी खोकल्यासाठी त्याच्यापुढे बसल्या होत्या. त्यानं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग मला हाक मारली. ठोके अनियमित होते, एक लवकर, एक उशिरा, एक इतका हलका की चुकल्यासारखा. ईसीजी काढला, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर निघाली. त्यात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. खोकल्याचं औषध देऊन त्यांना दोन मिनिटांत घरी पाठवता आलं असतं. हृदयरोगतज्ज्ञांनी रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली आहे. त्या दिवशी दवाखाना बंद झाल्यावर तो बराच वेळ ईसीजीची पट्टी हातात घेऊन ठोक्यांमधली अंतरं बोटानं मोजत बसला होता, आणि मी त्याला उठवलं नाही. येत्या गुरुवारी आजी पुन्हा दाखवायला येणार आहेत. त्यांच्या यजमानांनाही चक्कर येते म्हणे, तेव्हा त्यांनाही घेऊन या असं त्यानं सांगितलंय, आणि दोघांना सकाळची गर्दी सरल्यावर साडेअकराची वेळ दिली आहे.